ईस्टरची पहाट आणि तिची पूर्वतयारी

पहाट होण्यास कोणाच्या परवानगीची गरज नसते. पहाटेच्या उपासनेस मात्र ती पुष्कळांची लागते. देवळातील काकडा असो, मशिदीतील फजरची नमाज असो, अथवा ईस्टरच्या दिवशी उघड्या आकाशाखाली होणारी ख्रिस्ती मंडळींची सूर्योदय-उपासना असो. भाविकाच्या नजरेस पडतो तो अखेरचा, उजळलेला क्षण. त्या क्षणासाठी कोणी रात्रीच सतरंज्या टाकलेल्या असतात, कोणी दिव्यात तेल घातलेले असते, कोणी म्हाताऱ्या माणसांच्या येण्याजाण्याची सोय पाहिलेली असते. ज्याचा जन्म कीर्तनाच्या निमित्ताने सभामंडपांतून गेला, त्याला हे वेगळे सांगावे लागत नाही. आख्यान बुवांचे म्हणतात. परंतु मृदंगाला शाई कोणी लावली आणि टाळकऱ्यांना वेळेवर कोणी उठवले, यावर त्या आख्यानाचा रंग पुष्कळसा अवलंबून असतो.

अशा उपासनेची पूर्वतयारी हा वरवर पाहता केवळ व्यवस्थेचा विषय वाटतो. तिथी कोणती, जागा कोणाची, आवाज किती, रक्षण कोणी करायचे आणि बोलवायचे कोणाकोणाला, एवढेच पाच प्रश्न. परंतु गेल्या काही वर्षांत जगात जे घडले ते पाहता या पाचही प्रश्नांमागे गंभीर सार्वजनिक प्रश्न उभे आहेत, असे दिसून येईल. ईस्टरच्या या पर्वावर त्यांचा क्रमाने विचार करणे उचित ठरेल.

शुभवर्तमानांतील पहाट

प्रथम मूळ कथेकडे वळू. येशूला क्रूसावर देण्यात आले तो शुक्रवार. शनिवार हा यहुदी धर्माप्रमाणे विश्रांतीचा दिवस. त्या दिवशी प्रेतसंस्कारही करता येत नव्हते. म्हणून आठवड्याच्या पहिल्या दिवशी, म्हणजे रविवारी, अगदी सकाळी काही स्त्रिया सुगंधी द्रव्ये घेऊन कबरेकडे निघाल्या. चारही शुभवर्तमानांत मग्दालिया मरिया आहे आणि चारही ठिकाणी वेळ प्रातःकाळची आहे. तथापि प्रकाशाचे वर्णन मात्र सारखे नाही. योहानाच्या ग्रंथात ती आली तेव्हा अजून अंधार होता. मार्काच्या ग्रंथात सूर्य उगवलेला होता. शास्त्रकारांनी यावर पुष्कळ खल केला आहे. आपल्याकडील धर्मशास्त्राच्या अभ्यासकाला यात फारसे आश्चर्य वाटू नये. सूर्योदयापूर्वीच्या चार घटिका, म्हणजे शहाण्णव मिनिटे, यांस आपण अरुणोदय म्हणतो. घरून निघताना अंधार आणि पोहोचताना उजेड, हा अनुभव काकड्याला जाणाऱ्या प्रत्येकाचा आहे.

परंतु मला त्या कथेत अधिक मोलाची वाटते ती दुसरीच गोष्ट. त्या स्त्रियांनी सुगंधी द्रव्यांची तयारी केली होती. मात्र कबरेच्या तोंडाशी जी मोठी धोंड बसवली होती ती कोण बाजूस सारणार, हा प्रश्न त्यांना वाटेत पडला. उत्तर हाती नसताना त्या माघारी फिरल्या नाहीत, चालत राहिल्या. जे आपल्या हाती आहे ते नीट करावे आणि जे हाती नाही त्यापायी निघण्याचे थांबू नये, असे धार्मिक कार्याच्या नियोजनाचे सूत्र येथे सापडते. पुढील विवेचनात हे सूत्र ध्यानात ठेवावे.

हेर्नहुट ते सालेम

उघड्यावर, दफनभूमीत, सूर्य उगवताना ईस्टरची उपासना करण्याची जी प्रथा आज जगभर पसरली आहे, तिचा उगम जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, हेर्नहुट या लहानशा गावी शोधला जातो. यान हुस या बोहेमियन सुधारकाला १४१५ मध्ये जाळण्यात आले. त्याच्या विचारांतून निघालेल्या बंधुमंडळीचा पुढे फार छळ झाला. त्यांतील काही निर्वासितांना झिंझेनडॉर्फ नावाच्या तरुण सरदाराने आपल्या जमिनीवर आश्रय दिला आणि १७२२ मध्ये हेर्नहुट वसले. ही मंडळी मोरेव्हियन म्हणून ओळखली जाते. १७३२ मध्ये ईस्टरच्या पहाटे तेथील अविवाहित तरुणांचा एक गट गावाजवळच्या हुटबर्ग टेकडीवरील दफनभूमीत गेला आणि आपल्या मृत बांधवांच्या कबरांमध्ये उभा राहून गाऊ लागला. त्यात मोठा समारंभ नव्हता, परवाना नव्हता, व्यासपीठही नव्हते. पुढील वर्षी सारी मंडळीच तेथे जाऊ लागली.

मोरेव्हियन जेथे जेथे गेले तेथे ही पहाट त्यांनी नेली. अमेरिकेच्या उत्तर कॅरोलिना राज्यात त्यांनी १७६६ मध्ये सालेम वसवले आणि १७७२ पासून तेथे ही उपासना सुरू झाली. १९१३ मध्ये शेजारच्या विन्स्टनशी ते गाव जोडले गेले आणि विन्स्टन-सालेम हे नगर झाले. उपासना मात्र चालू राहिली. तिची पद्धत मोठी पाहण्यासारखी आहे. आदल्या शनिवारी घरोघरची माणसे दफनभूमीत जाऊन कबरांवरील दगड घासून स्वच्छ करतात आणि फुले वाहतात. मध्यरात्रीनंतर दोनच्या सुमारास पितळी वाद्ये घेतलेल्या तुकड्या शहराच्या निरनिराळ्या भागांत फिरू लागतात आणि चौकाचौकांत भजनाच्या चाली वाजवून लोकांना जागे करतात. आपल्याकडे वासुदेव येतो किंवा प्रभातफेरी निघते, त्याच जातीचे हे काम आहे. हे वादक बहुतांशी हौशी असून त्यांत शाळकरी मुलांपासून वृद्धांपर्यंत सर्व असतात. नंतर मंदिराच्या दारात पाळक प्रकट होऊन प्रभू उठला असल्याची घोषणा करतो आणि अंधारातील समुदाय एका स्वराने तिला दुजोरा देतो. मग सारे जण रांगेने दफनभूमीकडे चालू लागतात. वेगवेगळ्या दिशांना उभ्या असलेल्या वाद्यवृंदांतून प्रश्नोत्तरासारखे सूर उमटत राहतात आणि उपासना संपते तेव्हा उजाडलेले असते.

त्या दफनभूमीला जर्मन भाषेत जे नाव आहे त्याचा अर्थ ‘देवाचे शेत’ असा होतो. शेत या अर्थाचा जर्मन ‘आकर’, इंग्रजी ‘एकर’, लॅटिन ‘आगेर’ आणि वैदिक संस्कृतातील ‘अज्र’ हे शब्द एकाच कुळातील आहेत. देह हे बीज आणि मृत्यू ही पेरणी, अशी त्या नावामागील कल्पना. म्हणूनच तेथील दगड जमिनीशी समतल आणि एकसारखे असतात. श्रीमंताला उंच थडगे आणि गरिबाला मातीचा ढीग असा भेद नाही. कुटुंबाप्रमाणेही दफन होत नाही. विवाहित पुरुष, विवाहित स्त्रिया, अविवाहित अशा वर्गांनी, मरणाच्या क्रमाने जागा मिळते. मृत्यूपुढे सारे समान, हे तत्त्व त्यांनी दगडातून मांडले आहे. त्या तत्त्वाचे पुढे काय झाले, ते आपण शेवटी पाहू.

जुलै २०२४ मध्ये जागतिक वारसा समितीचे अधिवेशन नवी दिल्लीत भरले होते. त्या अधिवेशनात हेर्नहुट, अमेरिकेतील बेथलेहेम आणि उत्तर आयर्लंडमधील ग्रेसहिल या मोरेव्हियन वसाहतींना जागतिक वारशात स्थान मिळाले. आपल्या देशाशी या मंडळींचे नाते तसे जुने आहे. हिमालयात केलाँग येथे १८५६ मध्ये आणि लेह येथे १८८५ मध्ये त्यांची ठाणी झाली. त्यांच्यापैकी येश्के या पंडिताचा तिबेटी भाषेचा कोश १८८१ मध्ये प्रसिद्ध झाला आणि तो आजही अभ्यासकांच्या हाताशी असतो.

तिथीचा निर्णय

आता पहिला व्यावहारिक प्रश्न: दिवस कोणता? नाताळची तारीख ठरलेली आहे, ईस्टरची नाही. २१ मार्च रोजी किंवा त्यानंतर येणाऱ्या पौर्णिमेनंतरचा पहिला रविवार हा ईस्टर; पौर्णिमाच रविवारी आली तर पुढचा रविवार. त्यामुळे हा सण २२ मार्च ते २५ एप्रिल यांच्या दरम्यान केव्हाही येतो. ही पौर्णिमा अनेकदा आपली चैत्री पौर्णिमाच असते. २०२६ मध्ये हनुमान जयंती २ एप्रिलला आणि ईस्टर ५ एप्रिलला, हे त्याचे ताजे उदाहरण होय. ‘ईस्टर’ हा शब्दही आपल्या ‘उषस्’ शब्दाचा दूरचा भाऊबंद आहे, असे भाषाशास्त्रज्ञ सांगतात. मात्र येथे सावध राहावयास हवे. शब्दांचे कूळ एक म्हणून धर्माचे कूळ एक ठरत नाही. या सणाचे जुने आणि बहुतेक भाषांतील नाव ‘पास्का’ आहे आणि ते यहुद्यांच्या वल्हांडण सणावरून आले आहे. परक्याच्या घरातील प्रत्येक सुंदर वस्तू आपल्याच घरून गेली, असे मानण्याची खोड विद्वत्तेला शोभत नाही.

तथापि हा नियम सर्व ख्रिस्ती जगाला एकत्र आणू शकला नाही. इ. स. ३२५ मध्ये निकियाच्या परिषदेत सर्वांनी एकाच रविवारी सण पाळावा असे ठरले. १५८२ मध्ये पोप ग्रेगरी तेरावे यांनी पंचांग सुधारले. पश्चिमेने ते यथावकाश स्वीकारले, पूर्वेकडील बहुतेक ऑर्थोडॉक्स मंडळी ईस्टरसाठी जुन्या गणितावरच राहिल्या. परिणामी २०२६ मध्ये पश्चिमेचा ईस्टर ५ एप्रिलला, तर त्यांचा १२ एप्रिलला. निकियाच्या परिषदेला सतराशे वर्षे झाली त्या २०२५ साली योगायोगाने दोन्ही पक्षांचा ईस्टर २० एप्रिललाच आला. असा योग पुन्हा २०२८ मध्ये, १६ एप्रिलला आहे. तारीख एकच असावी याविषयी कॅथलिक पंथाची तयारी असल्याचे पोप फ्रान्सिस यांनी जानेवारी २०२५ मध्ये पुन्हा बोलून दाखवले होते. त्याच ईस्टरच्या दुसऱ्या दिवशी त्यांचे निधन झाले.

यावर शास्त्रीय तोडगा सुचलाच नाही असे नाही. १९९७ मध्ये सीरियातील अलेप्पो येथे निरनिराळ्या पंथांच्या प्रतिनिधींनी, जेरुसलेमचे रेखावृत्त धरून आधुनिक खगोलगणिताने पौर्णिमा काढावी, अशी शिफारस केली होती. आपल्या ज्योतिर्गणितात उज्जयिनीच्या रेखेला जे स्थान, तेच येथे जेरुसलेमला. शिफारस निर्दोष होती, परंतु अमलात आली नाही. भारतीय वाचकाला यातील अडचण चटकन उमगेल. मेघनाद साहा यांच्या अध्यक्षतेखालील समितीने आपली पंचांगे तपासली, १९५५ मध्ये अहवाल दिला आणि २२ मार्च १९५७ पासून राष्ट्रीय दिनदर्शिका लागू झाली. सरकारी कागदांवर ती आली. व्रतवैकल्ये ज्याच्या त्याच्या पंचांगानेच चालली. आजही आपल्या दिनदर्शिकेत स्मार्त एकादशी एका दिवशी आणि भागवत एकादशी दुसऱ्या दिवशी छापलेली अधूनमधून आढळते. अशा वादांत गणित हे निमित्त असते. खरा प्रश्न असतो तो कोणाच्या अधिकाराने सण पाळावयाचा हा. म्हणून निर्णय गणितज्ञांकडे सोपवून सुटत नाही. एकमेकांचा मान राखून कोणी प्रथम पाऊल मागे घ्यावे, यावरच तो सुटेल.

दिवस ठरला तरी वेळ उरतेच. सूर्य घड्याळ पाहून उगवत नाही. अमेरिकेत मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळे एक तास पुढे करतात. त्यामुळे विन्स्टन-सालेममध्ये ईस्टरचा सूर्योदय घड्याळाप्रमाणे सातच्या आसपास येतो. सण लवकर आला किंवा उशिरा, यावर त्यात पाऊण तासाचा फरक पडतो. वाद्यवृंद, पाळक, वाहतूक पोलीस या सर्वांचे वेळापत्रक त्याप्रमाणे हलवावे लागते. शिवाय पाऊस पडला तर काय, याचा विचार वेगळाच.

जागा कोणाची?

दुसरा प्रश्न जागेचा. दफनभूमी मंडळीची स्वतःची असेल तर वाद नाही. परंतु विसाव्या शतकात अमेरिकेत ही उपासना डोंगरमाथ्यांवर, उद्यानांत आणि खुल्या रंगमंदिरांत पोहोचली, आणि तेथे जमीन सरकारची असल्याने कायद्याचा प्रश्न आला. सॅन फ्रान्सिस्कोमधील माउंट डेव्हिडसन या टेकडीचे उदाहरण बोधप्रद आहे. तेथे १९२३ पासून ईस्टरची पहाट साजरी होऊ लागली. १९३४ मध्ये १०३ फूट उंचीचा काँक्रीटचा क्रूस उभा राहिला आणि अध्यक्ष रूझवेल्ट यांनी वॉशिंग्टनहून तारेच्या साहाय्याने त्याचे दिवे लावले. पुढे, नगरपालिकेच्या जमिनीवर एका धर्माचे चिन्ह कसे, असा आक्षेप नागरिकांनी घेतला. १९९६ मध्ये वरिष्ठ न्यायालयाने तो मान्य केला. तेव्हा नगरपालिकेने क्रूसासह एक एकराहूनही लहान असा तुकडा लिलावात काढला आणि १९९७ मध्ये मतदारांच्या संमतीने तो आर्मेनियन समाजाच्या संघटनांच्या परिषदेकडे गेला. १९१५ च्या नरसंहारात बळी पडलेल्या आर्मेनियन लोकांचे स्मारक म्हणून त्यांनी तो क्रूस जपला. ईस्टरची उपासनाही तेथे टिकली.

या प्रकरणात कोणाचा जय झाला? माझ्या मते तिघांचाही. राज्य कोणत्याही एका धर्माचे नाही हे तत्त्व राहिले, भाविकांची पहाट राहिली आणि एका पीडित समाजाला आपल्या मृतांची आठवण ठेवण्यास जागा मिळाली. सार्वजनिक जागेवरील धार्मिक वाद न्यायालयात गेला म्हणजे एकाचा जय आणि दुसऱ्याचा पराभवच व्हावयास हवा, अशी समजूत आपल्याकडे रूढ होत चालली आहे. तिला हा चांगला उतारा आहे.

आवाज आणि शेजाऱ्याची झोप

तिसरा प्रश्न आवाजाचा. आणि हा आपल्या अंगणातलाही आहे. मराठी ख्रिस्ती समाज ही पहाट पिढ्यान्‌पिढ्या पाळत आला आहे. १६१६ मध्ये गोव्यात छापल्या गेलेल्या फादर स्टीफन्स यांच्या ख्रिस्तपुराणात पुनरुत्थानाची कथा मराठी ओवीत आली. पुढे १८१३ मध्ये अमेरिकन मिशन मुंबईत आले, १८३१ मध्ये अहमदनगरास, म्हणजे आजच्या अहिल्यानगरास, पोहोचले. आणि त्या परिसरात एकोणिसाव्या शतकातच ख्रिस्ती कीर्तन रुजले. रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी तर अभंगाला आणि कीर्तनाला ख्रिस्ती मंडळीत मानाचे पान दिले. त्यांची गीते आजही मराठी चर्चमधून गायिली जातात. तेव्हा टाळ-मृदंगाच्या नादात ईस्टर साजरा होणे ही मराठी मुलुखातील स्वाभाविक गोष्ट आहे.

मात्र २००० साली झालेल्या ध्वनिप्रदूषण नियमांप्रमाणे रात्री दहा ते सकाळी सहा या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धक लावता येत नाही. काही ठराविक दिवशी राज्य सरकार सूट देऊ शकते, पण ती रात्री बारापर्यंतची, पहाटेची नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये हे नियम उचलून धरले आणि ध्वनिवर्धक हा कोणत्याही धर्माचा अत्यावश्यक भाग नव्हे, असे मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये स्पष्ट केले. एप्रिलच्या आरंभी महाराष्ट्रात सूर्य सहा वाजून वीस-पंचवीस मिनिटांनी उगवतो. म्हणजे अरुणोदयाचा बहुतेक भाग निषिद्ध वेळेतच पडतो. काकडा, फजरची अजान आणि ईस्टरची पहाट, तिघांनाही हा नियम सारखाच लागू आहे.

कित्येकांना हा धर्मावरील घाला वाटतो. मला तसे वाटत नाही. हुटबर्गवर गाणाऱ्या तरुणांजवळ ध्वनिवर्धक नव्हता आणि वाळवंटात कीर्तन करणाऱ्या संतांजवळही नव्हता. कंठाचा आवाज जेथवर पोहोचतो तेथवरचा श्रोता स्वेच्छेने आलेला असतो. यंत्राचा आवाज ज्याला गाठतो तो बहुधा अंथरुणात असतो, क्वचित रुग्णशय्येवर. सालेमची रात्रीची वाद्ये शहराला सोसतात, याचे कारण ती वर्षातून एक रात्र वाजतात आणि चौक सोडून पुढे निघून जातात. अपवाद हा अपवाद राहिला तरच शेजारी तो प्रेमाने सोसतो. हा विवेक पाळला, तर पोलिसांकडे अर्ज करण्याचे प्रसंग निम्म्याने कमी होतील. त्याचबरोबर हेही म्हटले पाहिजे की नियम लावताना एकाला दटावणे आणि दुसऱ्याकडे डोळेझाक करणे हे नियमालाच मारक आहे. गावातील देऊळ, मशीद आणि चर्च यांच्या चालकांनी सणांच्या मोसमापूर्वी एकत्र बसून पहाटेच्या वेळांचा मेळ घातला, तर कायद्याचा बडगा उगारण्याचे कारणच राहणार नाही.

रक्षणाचा प्रश्न

चौथा प्रश्न उच्चारतानाही मन कष्टी होते. २१ एप्रिल २०१९ हा ईस्टरचा रविवार. त्या सकाळी श्रीलंकेत कोलंबो, नेगोंबो आणि बट्टिकलोआ येथील तीन चर्चमध्ये आणि कोलंबोतील तीन मोठ्या हॉटेलांत आत्मघातकी स्फोट झाले. अडीचशेहून अधिक माणसे मृत्युमुखी पडली. त्यांत उपासनेस आलेली मुले होती, संपूर्ण कुटुंबे होती. हल्ल्याची पूर्वसूचना भारतीय यंत्रणांकडून मिळालेली असूनही तेथील अधिकाऱ्यांनी ती मनावर घेतली नाही. जानेवारी २०२३ मध्ये श्रीलंकेच्या सर्वोच्च न्यायालयाने माजी अध्यक्ष सिरिसेना आणि काही वरिष्ठ अधिकाऱ्यांना या हलगर्जीपणाबद्दल जबाबदार धरून नुकसानभरपाई देण्याचा आदेश दिला.

तेव्हापासून अनेक देशांत ईस्टरच्या पूर्वतयारीत फुलांच्या आधी पहाऱ्याचा विचार करावा लागतो. हा बदल अपरिहार्य आहे. पण त्याचा अर्थ नीट समजून घेतला पाहिजे. भाविकांच्या जीविताचे रक्षण हे राज्याचे कर्तव्य आहे, मंडळीने मागावयाचा उपकार नव्हे. श्रीलंकेच्या न्यायालयाने सांगितले ते नेमके हेच. दुसरीकडे, दाराशी पहारा ठेवताना दार बंद होऊ नये ही जबाबदारी मंडळीची. अनोळखी माणूस दिसताच संशय घेण्याची सवय एकदा जडली, की उपासनेतील स्वागताचा प्राणच जातो. या दोन कर्तव्यांमधील तोल सांभाळणे कठीण आहे. परंतु तो सांभाळणाऱ्यांचीच पहाट खरी.

माणसांना माणसांपासून दूर ठेवण्याचा प्रसंग आणखी एका कारणाने आला. १२ एप्रिल २०२० च्या ईस्टरला महामारीमुळे जेरुसलेममधील पवित्र कबरेचे चर्च भाविकांना बंद होते, रोममध्ये पोप जवळजवळ रिकाम्या मंदिरात उभे होते आणि सालेमची उपासनाही समुदायाविना, प्रक्षेपणाद्वारे झाली. आपल्या आषाढी वारीनेही त्या वर्षी तेच दुःख पाहिले. पादुका वाहनातून गेल्या, दिंड्या घरी राहिल्या. त्या स्त्रियांपुढील धोंडेसारखीच ही अडचण कोणाच्याच आटोक्यातील नव्हती. परंतु जे हाती होते ते लोकांनी केले, आणि परंपरा त्याने तुटली नाही.

कोणाला बोलावले नव्हते?

आता पाचवा आणि माझ्या मते सर्वांत महत्त्वाचा प्रश्न. समतल दगडांची ती समता सर्वांसाठी होती काय? आरंभी सालेमच्या ‘देवाच्या शेतात’ गोऱ्या आणि काळ्या सभासदांना शेजारी शेजारी पुरलेले आहे. परंतु त्याच मंडळीजवळ गुलामही होते. १८१६ पासून काळ्या लोकांचे दफन त्या भूमीत करणे बंद झाले आणि त्यांच्यासाठी परक्या लोकांकरिता राखलेली जागा नेमून देण्यात आली. ज्यांनी त्या गावात घाम गाळला तेच मरणानंतर परके ठरले. १८२२ मध्ये त्यांची वेगळी मंडळी झाली. १८६१ मध्ये बांधलेले, आज सेंट फिलिप्स नावाने ओळखले जाणारे त्यांचे विटांचे चर्च उभे आहे, आणि त्याच चर्चमध्ये २१ मे १८६५ रोजी त्यांना गुलामगिरी संपल्याची वार्ता वाचून दाखवण्यात आली. पुनरुत्थानाची घोषणा ते वर्षानुवर्षे ऐकत होते; आपल्या मुक्तीची घोषणा त्या दिवशी प्रथम त्यांच्या कानी आली. या पापाबद्दल मोरेव्हियन मंडळीच्या दक्षिण प्रांताने जाहीर क्षमा मागितली ती २००६ मध्ये.

हे लिहिताना दुसऱ्याच्या दोषाकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपल्याला नाही, याची मला पूर्ण जाणीव आहे. पंढरपुरात चोखोबांची समाधी महाद्वाराबाहेर आहे, आणि त्यांच्या समाजासाठी ते दार उघडावे म्हणून १९४७ च्या मे महिन्यात साने गुरुजींना दहा दिवस प्राण पणास लावावे लागले. समतेचे अभंग आपण सहाशे वर्षे गात होतो. दार मात्र बंद होते. सालेम काय आणि पंढरपूर काय, तत्त्व उच्च असूनही व्यवस्था जेव्हा माणसांना वगळते, तेव्हा लोकांच्या अनुभवास येते ती व्यवस्था. तत्त्व पोथीत राहते.

म्हणूनच पूर्वतयारी ही गौण बाब नव्हे. समितीची पहिली बैठक बसते, कामाची यादी होते, कोणाला सांगावा धाडायचा ते ठरते, त्याच वेळी त्या मंडळीचा धर्म ठरून गेलेला असतो. पाळकाचे प्रवचन कितीही रसाळ असले तरी जो बोलावलेलाच नाही त्याच्या कानी ते पडत नाही. पुनरुत्थानाची पहिली वार्ता ज्या स्त्रियांनी आणली, त्यांचे बोलणे आरंभी शिष्यांनाही खरे वाटले नव्हते, असे लूकच्या शुभवर्तमानात आहे. ज्यांच्या शब्दाला समाजात वजन नाही त्यांच्या मुखाने सत्य प्रथम येते, हा त्या कथेचा बोध प्रत्येक धर्माच्या उत्सवसमितीने आपापल्या बैठकीत आठवावा.

महाराष्ट्रात आणि गोव्यात अनेक चर्चमध्ये, कोठे दफनभूमीत, कोठे अंगणात, ईस्टरच्या मेणबत्त्या पेटतील. वसईच्या घराघरांतून पास्काच्या सणाची लगबग चालू असेल. आपल्या या शेजाऱ्यांना शुभेच्छा देताना एवढेच सुचवावेसे वाटते: गावातील ज्या कबरांवर दगड नाही, ज्यांचे कोणी मागे उरले नाही, त्यांवरही या शनिवारी दोन फुले वाहावीत, आणि ज्या घराला आजवर निमंत्रण गेले नाही, त्या घराचे दार यंदा प्रथम ठोठवावे. ती पहाट पाहण्यास आम्ही शेजारीही येऊ.